आधी अटी, मग कोर्स

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, पीसीबी घेतलंय. आरोग्यक्षेत्रात जायचं म्हणते, पण रक्त पाहिलं की तिला गरगरतं. रात्रपाळीही नको. माणसांशी बोलायला मात्र मनापासून आवडतं. इतक्या कोर्समधून निवडायचं कसं?
– एक पालक, सांगली

उत्तर : कोर्सची यादी तूर्त बाजूला ठेवा. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इतामार गती यांनी करिअर निवडण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत : पर्याय गाळणं, उरलेल्यांची खोलात माहिती घेणं आणि मग निवड. तुमचं घोडं पहिल्याच टप्प्यावर अडलंय.

मुलीला स्वतःच वहीत तीन रकाने आखू द्या. पहिल्यात निकष : शिक्षणाची वर्षं, कामाच्या वेळा, माणसांशी संपर्क, रक्ताशी संबंध, उत्पन्न, राहण्याचं ठिकाण. दुसऱ्यात ‘सगळ्यात आवडेल ते’, तिसऱ्यात ‘चालेल ते’. उदाहरणार्थ, वेळा : आवडेल दिवसपाळी, चालतील महिन्याचे दोन रविवार. हा तिसरा रकाना कोरा सोडला की एकही व्यवसाय शिल्लक राहत नाही.

सर्वांत महत्त्वाचा निकष आधी लावा. रात्रपाळीवर नर्सिंग गळेल. रक्तावर मेडिकल लॅब जाईल. तिथे बोलणंही कमीच. वाक्-श्रवण उपचार (बीएएसएलपी), ऑप्टोमेट्री (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणं), आहारशास्त्र टिकतील. पाच-सात पर्याय उरले की थांबा.

आता एकाच निकषावर बाद झालेले पर्याय पुन्हा तपासा. ही पायरी कृपा करून गाळू नका, कारण चांगले पर्याय इथेच हातचे जातात. फिजिओथेरपी ‘रक्त’ म्हणून खोडली असेल, तर ओपीडीतल्या रोजच्या कामात रक्त क्वचितच दिसतं. शिकताना शरीररचनाशास्त्र मात्र चुकत नाही. अट खरंच पक्की आहे की माहिती अपुरी होती, हे तिनेच ठरवावं.

मग उरलेलं प्रत्येक काम परवानगी काढून एक पूर्ण दिवस बघू द्या. वाक्-उपचारात एकाच मुलाकडून तोच उच्चार पुन्हा पुन्हा करून घ्यावा लागतो. तिला गप्पा आवडतात की असं चिकाटीने शिकवणंही आवडेल, हे तिथे कळेल. बीएएसएलपीच्या कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी पाहा.

प्रश्न : कल चाचणीत ‘कलात्मक’ आलं. चित्रकारच व्हायचं का?

उत्तर : नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी सांगितलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या सहा प्रकारांवर बेतलेली चाचणी असेल, तर पहिले तीन प्रकार एकत्र वाचा. कलात्मकच्या जोडीला हातकाम आलं तर फर्निचर किंवा सिरॅमिक डिझाइन बघा, सामाजिक आलं तर कलाशिक्षण. गुणांत थोडाच फरक असेल, तर क्रमावर विसंबू नका.