वरून अखंड दिसणारी नस का कापली?

प्रश्न : आमची रसवंती आहे. गेल्या उन्हाळ्यात ऊस सरकवताना माझ्या यजमानांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट चरकात सापडले. शहरातील रुग्णालयात आठ तास शस्त्रक्रिया झाली. तर्जनी वाचली, मधले बोट काढावे लागले. तर्जनीतील नस वरून अखंड दिसत होती, तरी तिचा दोन सेंटीमीटर तुकडा कापून तेथे पायाची शीर जोडली, असे डॉक्टरांनी सांगितले. चांगली नस का कापली? तिसऱ्या दिवशी बोट जांभळे पडले म्हणून जळवा लावल्या, त्याचेही भय वाटले. आणि एकाच चरकात सापडलेल्या दोन बोटांपैकी एकच का वाचावे?
– एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : कापलेली नस चांगली नव्हती, हे आधी सांगतो. चरकातून निघालेले चिपाड आपण रोज पाहता. त्याची लांबी उसाएवढीच असते, साल बरीचशी टिकलेली असते, पण आतला गर पार चिरडलेला असतो. चिरडलेल्या धमनीचे, म्हणजे आपण म्हणता त्या नसेचे, तसेच होते. तिचे बाहेरचे आवरण चिवट असल्यामुळे शाबूत राहते. आतले अस्तर मात्र पेशींच्या एकाच थराचे असल्याने जखमेच्या बरेच पुढेमागेपर्यंत फाटते. हे अस्तर धड असेल तोवर रक्त त्याला चिकटत नाही. ते उखडले की थोड्याच वेळात तेथे गुठळी धरू लागते.

म्हणून शल्यविशारद मायक्रोस्कोपखाली धमनीचे तोंड न्याहाळत, अस्तर सलग आणि चकचकीत दिसेपर्यंत थोडे थोडे कापत मागे जातात. मग रक्त थांबवण्यासाठी धमनीला लावलेला चिमटा सैल करून हृदयाकडच्या टोकातून रक्ताची जोरदार चिळकांडी उडते का, ते पाहतात. नुसते ठिबकत असेल तर आणखी मागे जावे लागते. बोटाची धमनी जेमतेम एक मिलिमीटर व्यासाची असते आणि केसापेक्षा बारीक नायलॉनच्या धाग्याने तिला सहा-आठ टाके घालतात; तरीही माझ्या मते यातले खरे अवघड काम टाके घालण्याचे नसून किती कापायचे हे ठरवण्याचे आहे. जखमी टोके जोडली तर शिवण कितीही सुबक असली तरी ती बंद पडते.

एवढे कापल्यावर उरलेली टोके ओढून जोडता येत नाहीत, कारण ताण पडला की जोड टिकत नाही. म्हणून मधल्या अंतरात पायाच्या किंवा मनगटाजवळच्या शिरेचे कलम करतात. शिरेतल्या झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, आणि येथे तर ते बोटाच्या टोकाकडे जायला हवे. त्यामुळे तो तुकडा उलटा फिरवून बसवावा लागतो. (बोलताना आपण धमनी, शीर आणि मज्जातंतू या तिन्हींना नसच म्हणतो, त्यामुळेही पुष्कळ गैरसमज होतात.) जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा पहिल्यांदा यशस्वीपणे जोडला तो १९६५ साली, त्याआधी असे बोट बहुधा गमवावेच लागे.

मधले बोट मी पाहिलेले नाही, पण चरकात बोट चिरडते तसेच ओढलेही जाते. ओढ बसलेली धमनी पिळवटून नागमोडी होते आणि कधी कधी तिचे टोकाकडचे निरोगी तोंड सापडतच नाही. अशा वेळी बोट न जोडण्याचा निर्णय योग्यच असतो.

जळवांचे म्हणाल तर बोट पांढरे पडणे म्हणजे रक्त येत नाही, आणि जांभळे पडणे म्हणजे आलेले रक्त परत जात नाही. शिरा धमन्यांहून नाजूक असल्याने जांभळे पडण्याचा धोका मोठा असतो. जळू तुंबलेले रक्त शोषते, तिच्या लाळेतील हिरुडिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे ती सुटल्यावरही काही तास रक्त झिरपत राहते, आणि जळवा लावण्याच्या दिवसांत नव्या बारीक वाहिन्या तयार होतात. जळवेच्या पोटातील जंतूंसाठी प्रतिजैविके दिली जातात. उपचार जुना असला तरी येथे तो शास्त्राला धरूनच आहे.

यजमानांना तंबाखूची सवय असेल तर ती सोडायला लावा. ओढलेली असो वा चघळलेली, निकोटिनने बारीक धमन्या आकसतात. थंडीत ते बोट दुखेल, एकदोन हिवाळे त्यास जपावे लागेल.

आणखी एक. रसवंतीवर बर्फ हाताशीच असतो, म्हणून तुटलेले बोट कोणी थेट बर्फात टाकतो. त्याने ते गोठून निकामी होते. ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. हाताची जखम कापडाने दाबून धरावी, दोरीने आवळू नये, आणि निघण्याआधी रुग्णालयास फोन करून मायक्रोसर्जरी करणारे डॉक्टर आहेत का, ते विचारून घ्यावे.