वीटभट्टीवरचे कामगार आणि गाढवे : मदतीची सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण डोंबिवलीत राहता, पडघ्याच्या बाजूला जाता-येता एका वीटभट्टीवरची जखमी गाढवे आणि विटा उलटणारी लहान मुले पाहून अस्वस्थ झाला आहात, आठ-दहा मित्रांनी मिळून काही रक्कम जमवली आहे, आणि त्यातून गाढवे 'सोडवून' आणावीत की मुलांना कपडे-खाऊ वाटावा, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी पशुवैद्यक आहे, आता निवृत्त आहे, आणि गेली अठरा वर्षे जानेवारी ते मे या महिन्यांतले बरेचसे रविवार भिवंडी, कल्याण आणि शहापूर तालुक्यांतल्या भट्ट्यांवर घालवले आहेत. दोन्ही बेत तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे मत आहे. कारण सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या भट्ट्या उत्तरेतल्या उंच चिमणीच्या भट्ट्यांसारख्या नसतात. दिवाळीनंतर भातखाचरे मोकळी झाली की माती आणून त्यात राख-तूस मिसळून गारा करतात, साच्यातून विटा थापतात, उन्हात वाळवतात आणि मग कच्च्या विटांचाच ढीग रचून, थरांमध्ये कोळसा आणि तूस घालून, तो पेटवतात. थापणारी कुटुंबे बहुतेक कातकरी असतात, आणि मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते. दोन माणसांची 'जोडी' धरली जाते. मुलांचे हात त्या जोडीतच मोजले जातात, म्हणजे मोजलेच जात नाहीत. सगळ्या भट्ट्यांवर गाढवे नसतात, परंतु जिथे वाळवणीची जागा भट्टीपासून लांब किंवा खालच्या अंगाला असते, तिथे नगर-सोलापूरकडून गाढवे घेऊन आलेली वडार, बेलदार किंवा कुंभार कुटुंबे कच्च्या विटा वाहून नेतात. त्यांचाही दर हजारामागेच असतो आणि त्यांनीही बहुधा उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ रक्कम, घेतलेली असते. यातली पुष्कळ जनावरे पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात किंवा मढीच्या यात्रेत घेतलेली असतात.

आता बयाण्याचा, म्हणजे थापणाऱ्यांना मिळणाऱ्या अशाच उचलीचा, हिशेब पाहू. श्रावण-भाद्रपदात कातकऱ्याच्या घरात दाणा नसतो, नेमके तेव्हा, गणपतीच्या सुमारास, शेठ, म्हणजे भट्टीमालक, किंवा त्याचा मुकादम पाड्यावर येऊन बयाणा देऊन जातो. पुढचे आकडे केवळ गणित समजावे म्हणून घेतले आहेत. बयाणा ४०,००० रुपये, दर हजारी १,००० रुपये, रोजच्या ८०० विटा आणि कामाचे १५० दिवस धरले, तर १,२०,००० विटा आणि तेवढेच रुपये होतात. दर आठवड्याला घरखर्चासाठी शेठकडून मिळणारी २,००० रुपये खर्ची, अशा २२ आठवड्यांचे ४४,००० आणि बयाण्याचे ४०,००० वजा केले की ३६,००० हाती यायला हवेत. पण हजारामागे शंभर विटा 'तुटीच्या' म्हणून कापल्या जातात, हे १२,००० झाले. मार्चमधल्या एका अवकाळी पावसात दहा हजार कच्च्या विटांचा चिखल होतो, ते १०,००० झाले. दवाखान्यात नेले, ते ५,००० झाले. उरतात ९,०००. दर थोडा कमी असला किंवा पाऊस दोनदा आला, की कुटुंब उलट देणेकरी होऊन घरी जाते आणि पुढच्या भाद्रपदात त्याच शेठकडून पुन्हा बयाणा घेते. वही शेठकडे असते, आणि ज्याच्या नावावर ती लिहिली जाते त्याला बहुधा ती वाचता येत नाही.

या हिशेबातील 'तूट' हा शब्द लक्षात ठेवा, कारण गाढवाच्या पाठीवरची जखम आणि कातकऱ्याचे कर्ज हे दोन्ही त्या एका शब्दाशी येऊन मिळतात. मलाही हे कळायला चार हंगाम जावे लागले. एका भट्टीवर एका गाढवाच्या पाठीवर, अगदी कण्यावर, तळहाताएवढी जखम होती. गोणपाट घट्ट चिकटले होते, आणि ते भिजवून सोडवायलाच पाऊण तास गेला. त्याच्यावर किती विटा चढवतात हे मी त्या दिवशी मोजले. २८ विटा होत्या. पुरती न वाळलेली वीट सव्वातीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे ओझे ९० किलोंच्या पुढे गेले. ओझ्याच्या व गाड्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो, म्हणजे जेमतेम १५ विटा चालतात. मी गाढववाल्याला हे ऐकवले. त्याने शांतपणे विचारले, "डॉक्टर, पंधरा लादल्या तर खेपा दुप्पट होतील. त्या कोण चालणार, तुम्ही?" त्याचे म्हणणे बरोबर होते. दर हजारामागे ठरलेला असताना नुसते ओझे कमी केले, तर जनावराची चाल वाढते. आणि त्याच नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांची, सलग पाच तासांची मर्यादा आहे, तसेच पारा ३७ अंशांच्या वर जात असेल अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ काम घेण्यास मनाई आहे.

त्याच वेळी समोर एक गाढव चढावर अडखळले आणि सहा-सात विटा फुटल्या. मी सहज विचारले की हे नुकसान कोणाचे. उत्तर मिळाले, थापणाऱ्याचे. कारण विटांची मोजणी वाळवणीच्या जागेवर होत नव्हती, विटा भट्टीवर रचून झाल्यानंतर होत होती. म्हणजे पहाटे दोन वाजता उठून बाईने थापलेली, मुलाने दोनदा उलटून वाळवलेली वीट गाढवाच्या पाठीवरून पडून फुटली, तर ती त्या बाईने थापलीच नाही असे धरले जाणार. शेठला त्या फुटीची झळ लागत नसल्यामुळे रस्त्यातले खड्डे बुजवण्याचे, ओझे कमी ठेवण्याचे किंवा लंगडे गाढव कामावरून काढण्याचे त्याला काही कारणच नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की, सर्वांत आधी मोजणीची जागा बदलून घेण्याचा प्रयत्न करावा. विटा वाळल्या की तिथेच, उचलण्यापूर्वी, दोन्ही बाजूंच्या समक्ष मोजाव्यात आणि आकडा दोन वह्यांत लिहावा, एक वही शेठकडे आणि एक भोंग्यात. (कच्च्या विटांच्या कामचलाऊ झोपडीला इकडे भोंगा म्हणतात.) ज्या भट्टीची गोष्ट सांगतो आहे, तिथे हे व्हायला दोन वर्षे लागली आणि त्यात माझा वाटा थोडाच होता, मजुरांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी लावून धरले म्हणून झाले. पण झाल्यानंतर पहिल्याच महिन्यात शेठने स्वतः ट्रॅक्टर लावून चढाचा रस्ता सपाट करून घेतला, आणि एकदा तर मी उभा असताना तो गाढववाल्यावर ओरडला की एवढ्या विटा लादू नकोस. दयाभाव एका रात्रीत उपजला होता असे नाही. फूट आता त्याच्या खात्यावर पडत होती. गाढववाल्याचा दरही त्याने पुढे वाढवला, कारण कमी ओझ्याच्या खेपा त्याला आता फुटक्या विटांपेक्षा स्वस्त पडत होत्या.

शेठ ऐकत नसेल तर कायद्याची बाजू पक्की आहे, ती माहीत असावी. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करता येत नसेल, हिंडण्या-फिरण्यावर बंधन असेल किंवा उचलीपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत असेल, तर ती वेठबिगारी ठरते; ते कर्ज कायद्यानेच रद्द होते, आणि 'हे वेठबिगारीचे कर्ज नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते, मजुरावर नाही. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सांगितले आहे. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे लेखी द्यावी आणि मुक्ततेचा दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण पुनर्वसनाची सगळी मदत त्या दाखल्यावर अवलंबून असते. केंद्राच्या योजनेत ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत आहे आणि ती मालकाला शिक्षा होईपर्यंत थांबवता येत नाही. मात्र हे काम आपल्या आठ-दहा जणांनी एकट्याने अंगावर घेऊ नये. ठाणे-पालघर भागात श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना चाळीस वर्षे हेच करत आहेत. त्यांना विचारल्याशिवाय तक्रार केलीत, तर चौकशी येण्याआधी ते कुटुंब रातोरात दुसऱ्या भट्टीवर हलवले जाते. मी हे एकदा घडताना पाहिले आहे, आणि त्या वेळी घाई माझीच झाली होती.

आपल्या पैशांचा खरा उपयोग कुठे होईल, तर धान्याच्या बाबतीत. खर्चीचा मोठा भाग तांदळावर जातो. ज्या कातकरी कुटुंबाकडे अंत्योदय कार्ड असते, त्याला महिन्याला ३५ किलो धान्याचा हक्क असतो, पण हंगामाचे सहा महिने ते गावच्या दुकानात तसेच पडून राहते, कारण कुटुंब भट्टीवर असते. आता कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून ते उचलता येते. अडचण इतकीच असते की आधार जोडलेले नसते, विटा थापून बोटांचे ठसे झिजलेले असतात, आणि जवळचा दुकानदार 'तुमचे इथे नाही' म्हणून परत पाठवतो. आपल्यापैकी दोघांनी महिन्यातून एक दिवस चार कुटुंबांबरोबर दुकानात जाऊन उभे राहावे. पाच महिने ३५ किलो धान्य घरी आले, तर कर्ज किती कमी होते ते वर दिलेल्या हिशेबात घालून पाहा. खाऊ वाटण्याला माझा विरोध नाही, फक्त तो संध्याकाळपर्यंत संपतो.

मुलांसाठी नवीन काही उभारण्याआधी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन हंगामापुरता प्रवेश मागावा. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय राज्यात आहे आणि शिक्षक बहुधा सहकार्य करतात. या भागात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या होत्या, त्यामुळे जुन्या माणसांना ही कल्पना नवीन नाही. खरी अडचण अंतराची असते. भट्टीपासून शाळेपर्यंत मुलांना नेणारी रिक्षा ही आपल्या रकमेतून सहज भागणारी गोष्ट आहे.

गाढवे विकत घेऊन सोडवण्याबद्दल. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाढवे अवघी १ लाख २० हजारांच्या आसपास उरली होती, २०१२ च्या तुलनेत ६१ टक्के कमी. त्यामुळे भाव चढे आहेत, आणि तुम्ही एक गाढव सोडवले की त्याचा मालक त्याच पैशांत, वर थोडे कर्ज काढून, दुसरे आणतो. जनावर बदलते, ओझे तेच राहते. त्यापेक्षा पाठीवरच्या गादीवर खर्च करा. गोणपाटाची एकच सपाट घडी टाकली की सगळा भार कण्यावर येतो. त्याऐवजी तूस किंवा पेंढा भरलेल्या दोन लांबट गुंडाळ्या कण्याच्या दोन्ही अंगांना ठेवून मधे पन्हळ मोकळी सोडली, की भार बरगड्यांवर जातो आणि जखम धरत नाही. हे शिवून घ्यायला शिंपीही लागत नाही, गाढववाल्यांच्या बायका एकदा पाहून करतात. जुनी जखम उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून रोज धुवावी. हळद-तेलाने माशा दूर राहतात असे म्हणतात, पण तेलावर धूळ बसते, म्हणून मी ते टाळतो. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. लंगडणाऱ्या पायाला तापल्या लोखंडाने डागणे आणि 'श्वास मोकळा होतो' म्हणून नाकपुड्या चिरणे हे अजून चालते. त्यावर रागावून उपयोग होत नाही, खूर कापून दाखवला आणि जनावर नीट चालले की पुढच्या वेळी माणूस आपणहून बोलावतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. परळच्या बैलघोडा रुग्णालयापर्यंत नेण्याची वेळ क्वचितच येते.

पाण्याची सोय मात्र पहिल्याच रविवारी करता येईल. बहुतेक भट्ट्यांवर पाणी गाऱ्यासाठी असते, पिण्यासाठी नसते. गाढव तहानलेले असले तरी घाण पाण्याला तोंड लावत नाही, दुपारपर्यंत तसेच उभे राहते आणि मग पोटशूळ होतो. माणसे तेच पाणी फडक्यातून गाळून पितात आणि जुलाबाने पडतात. दोन टाक्या, एक झाकणाची माणसांसाठी आणि एक उघडी, बुटकी, जनावरांसाठी, अशा शेठला सांगून ठेवून घ्या. टँकरचा खर्च शेठनेच द्यावा, असा आग्रह धरा; टाकी तुमची असली तरी चालेल. एक सूचना : पहिल्या भेटीत फोटो काढू नका.

आता मार्च चालू आहे, म्हणजे या हंगामात मोजणी बदलायला उशीर झाला आहे. पाणी, धान्य आणि जखमा एवढे करता येईल. मे महिन्यात हिशेब होईल त्या दिवशी, कुटुंबांची तयारी असेल तर, वाचता येणारा एक माणूस त्यांच्या बाजूला नुसता बसलेला असावा. ती कुटुंबे कोणत्या पाड्यावरून येतात, हे तेवढ्यात विचारून ठेवा, आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी, मुकादम पोहोचण्यापूर्वी, कोऱ्या वह्या घेऊन तिथे जा. मला यायला जमेल; शनिवार सोडून कोणताही दिवस चालेल.