ॲलील म्हणायचं की जीन? आणि 'अप्रभावी'चं काय

नर्सिंगला असलेल्या एका मुलीने विचारलंय, ॲलीलला (म्हणजे एकाच जीनच्या वेगवेगळ्या रूपांना) मराठीत काय म्हणतात, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटबद्दल बोलताना 'सिकलसेलचा जीन आहे' बरोबर की 'ॲलील आहे' बरोबर?

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. युग्मविकल्पी, वैकल्पिक जनुक असे पुस्तकी शब्द आहेत, पण वॉर्डात ते कोण बोलणार, सरळ ॲलील म्हणा (फक्त उच्चार नीट करा, घाईत 'अश्लील' ऐकू येतं). मूळ ग्रीक, 'एकमेकांचे' अशा अर्थाचं. बेटसन आणि साँडर्स यांनी १९०२ मध्ये 'ॲलेलोमॉर्फ' वापरला, पुढे शेपूट गळून ॲलील उरलं.

आता दुसरं. 'सिकलसेलचा जीन' सगळेच म्हणतात, बोलण्यात चालून जातं, पण परीक्षेत नको. कारण जीन बीटा ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनाचा), अकराव्या गुणसूत्रावरचा, तो तुमच्याआमच्याकडे सगळ्यांकडेच आहे. फरक त्याच्या रूपात आहे. एका रूपात, म्हणजे 'ए'मध्ये, प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड येतं, दुसऱ्यात, म्हणजे 'एस'मध्ये, व्हॅलिन. ही रूपं म्हणजे ॲलील, एक आईकडून एक बापाकडून. दोन्ही एस आले तर एसएस म्हणजे आजार, एकच आला तर एएस म्हणजे वाहक. विदर्भात, नंदुरबारकडे ही अक्षरं आशाताईंनाही पाठ असतात. पण रिपोर्टातला एए बघून 'माझा ब्लड ग्रुप ए' असं समजणारे भेटतातच, तर तो हिमोग्लोबिनचा ए आहे, ग्रुपचा नाही, हे पेशंटला आवर्जून सांगा.

सिकलसेलला पुस्तकात 'अप्रभावी' (रिसेसिव्ह) म्हणतात, त्या शब्दावर माझा जुना राग आहे. रोजच्या मराठीत अप्रभावी म्हणजे ज्याचा काही उपयोग होत नाही असं, म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की वाहकाच्या शरीरात एस ॲलील गप्प पडून असतं. अजिबात नाही! वाहकाच्या रक्तात साधारण ३० ते ४० टक्के हिमोग्लोबिन एस असतं, म्हणजे ॲलील काम करतंच आहे, फक्त जोडीला ए असल्यामुळे सहसा आजार दिसत नाही आणि मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून बरंच संरक्षणही मिळतं. म्हणजे अप्रभावी काय, तर आजार, तोही जोडीदार ॲलीलच्या तुलनेत. ब्लड ग्रुपमध्ये तर ए आणि बी दोघंही दिसतात, त्याला सहप्रभावी म्हणतात, तिथे लोकांमध्ये ठळक ॲलील तीन, ए बी ओ, पण एका माणसात दोनच.

दोन वाहकांचं लग्न झालं तर २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची, २५ टक्के एएची, हे प्रत्येक गरोदरपणात नव्याने. एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, आणि समुपदेशनात नेमकं हेच चुकीचं समजलं जातं.

आणि हो, जर्नलमध्ये 'अनुवांशिक' लिहू नका, आनुवंशिक लिहा.