दोन मुलींच्या लग्नाला गुरुजी कुठून आणायचे?

प्रश्न : माझी मुलगी आणि तिची जोडीदारीण सहा वर्षे पुण्यात एकत्र राहतात. येत्या मार्गशीर्षात साठेक जवळच्या माणसांसमोर, अंतरपाट धरून आणि मंगलाष्टके म्हणून एकमेकींना हार घालावेत, अशी दोघींची इच्छा आहे. दोन्ही घरांची संमती आहे. तीन गुरुजींना विचारले. दोघांनी नकार दिला. तिसऱ्यांनी होकार दिला, पण दोघींची नावे कळल्यावर ‘उद्या पोलिसांची भानगड नको’ म्हणून माघार घेतली. आता काय करावे? – एक आई, सांगली

उत्तर : तिसऱ्या गुरुजींची भीती आधी दूर करू. असा समारंभ करणे किंवा त्याचे पौरोहित्य करणे हा गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला, त्यामुळे या लग्नाची नोंदणी होणार नाही. त्याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु जिथे नोंदणीच नाही, तिथे विधी अमुकच व्यक्तीने सांगितला पाहिजे, असे कायद्याचे बंधनही उरत नाही. तुमची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेतल्या बाई किंवा घरोब्यातले एखादे आजोबाही हे काम करू शकतात.

तरीही गुरुजीच हवेत, ही तुमची ओढ मला समजते. पुण्यात स्त्री-पुरोहितांची परंपरा आता चांगली रुजलेली आहे आणि ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने स्त्रियांना व सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकवून, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत विधी करण्याची पद्धत रूढ केली आहे. अशा रीतीने शिकलेल्या पुरोहितांकडे आधी जावे. मात्र संस्थेची भूमिका गृहीत न धरता त्या त्या व्यक्तीशी बोलावे. फोनवर पहिल्याच वाक्यात ‘दोन्ही मुली आहेत’ असे सांगावे, कारण उशिरा कळल्यावर आलेला नकार मुलींना अधिक लागतो.

होकार मिळाल्यावर पुरोहित आणि दोघी मुली यांनी पोथी समोर ठेवून एक दुपार एकत्र बसावे. कन्यादान ठेवायचे का, संकल्पात ‘वर’ आणि ‘वधू’ या शब्दांच्या जागी काय म्हणायचे, हे तेव्हाच ठरवावे. सप्तपदीतले सातवे पाऊल सख्यत्वाचे आहे, ते या दोघींना जसेच्या तसे शोभते. अंतरपाटापाशी तर काहीच बदलावे लागत नाही : अलीकडे एक, पलीकडे एक, प्रत्येकीच्या पाठीशी तिचा मामा, आणि ‘सावधान’ म्हणताच अक्षता पडून पाट दूर होतो.

कोणीच मिळाले नाही, तर सत्यशोधक पद्धतीचा जरूर विचार करावा आणि तो नाइलाज म्हणून करू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षापासून भटजींवाचून लग्ने लागू लागली. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत लग्न करणारी माणसे स्वतःच एकमेकांना वचन मागतात आणि देतात. त्यात वधू पुरुषासमोर स्त्रियांच्या हक्काचा प्रश्नही मांडते. तुमच्या मुलींनी तोच नमुना घेऊन आपली वचने मराठीत लिहावीत आणि तुम्ही दोघी आयांनी ती त्यांच्याकडून म्हणवून घ्यावीत. माझे मत विचाराल, तर मला हीच पद्धत सर्वांत जवळची वाटते.

एक काम मात्र हळदीच्या आधी उरकावे. समारंभाने वारसाहक्क मिळत नाही, म्हणून दोघींनी आपापले मृत्युपत्र करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. समलिंगी जोडीदारांनी संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. बँकेत जाताना त्या पत्रकाची प्रत जवळ ठेवावी.