रत्नागिरीत राहून जपानी आरपीजीच्या (गोष्टीतलं पात्र बनून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या) कॅसेटी बॉक्ससकट जमवायच्या आहेत. सुरुवात क्रोनो ट्रिगर या गेमनेच करावी का? आणि बॉक्समुळे किंमत एवढी का चढते?

करायला हरकत नाही, पण माझं ऐकाल तर आधी ड्रॅगन क्वेस्ट ५ किंवा ६ घ्या. सहावा डिसेंबर १९९५ मध्ये ११,४०० येनला आला आणि लाखांनी खपला. त्यामुळे नुसती कॅसेट आज किरकोळ भावात मिळते, आणि बॉक्ससकट घेतली तरी खिसा फाटत नाही. पहिली चूक स्वस्तातल्या गेमवर झालेली बरी.

(आपण लहानपणी 'कॅसेट' म्हणायचो ना, फुंकर मारून लावायची? जपानी लोकही 'कासेत्तो'च म्हणतात. फुंकरही मारायचे.)

तुम्ही विचारलंय की बॉक्समुळे किंमत एवढी का चढते. अहो, सुपर फॅमिकॉम (हे गेम ज्यावर चालतात ते निन्टेन्डोचं जपानी मशीन) याच्या कॅसेटचा बॉक्स म्हणजे पातळ पुठ्ठा. पोरांनी पहिल्याच दिवशी झाकण फाडलं, उरलेलं रद्दीत गेलं. कॅसेट मात्र टिकली. जपानी साइटवर 'हाकोसेत्सु' शोधा: हाको म्हणजे खोका, सेत्सु म्हणजे सेत्सुमेइशो, अर्थात माहितीपुस्तिका. फोटोत झाकणाची जीभ आणि चारही कोपरे दिसत नसतील तर विक्रेत्याकडून मागून घ्या. मी एकदा न मागता घेतलं. आलेल्या बॉक्सला जीभच नव्हती.

नकली बॉक्सही बरेच फिरतात. अक्षरांच्या कडा पुसट दिसल्या तर सोडून द्या. कॅसेट उघडायला स्क्रूड्रायव्हरचा ३.८ मिमीचा खास बिट लागतो. अस्सल असेल तर आत बोर्डावर 'निन्टेन्डो' आणि 'एसएचव्हीसी'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो.

आत एक सीआर२०३२ सेलही असतो, सेव्ह (म्हणजे खेळात कुठवर पोचलो याची नोंद) त्याच्यावरच जगतं. माझा ड्रॅगन क्वेस्ट ५ मी टोकियोतल्या नाकानोच्या मांदाराके या जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला. घरी येऊन लावला, तर सेव्ह शाबूत! 'हिरोशी', लेव्हल ३१. गेममध्ये नायकाला बायको निवडावी लागते, त्याचं लग्न बियांकाशी लावलेलं (बरोबरच केलं पोराने). सेल काढला की हे सगळं पुसलं जाणार. डाग देऊन बसवायचा नवा सेल आणून आठ महिने झाले, मी अजून कॅसेट उघडलेली नाही.

जपानी अजिबात येत नसेल तर गेम खेळणं जड जाईल, नुसतं जमवायचं असेल तर प्रश्न नाही. मशीनही जपानीच घ्या. अमेरिकन मशीनच्या खाचेत आतून दोन प्लॅस्टिकचे खुंट असतात, ते जपानी कॅसेट बसू देत नाहीत. आणि जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० च्या प्लगात थेट घालू नका, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

तुम्ही रत्नागिरीचे म्हणता, तर जूनच्या आधी बॉक्स झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात हलवा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या आतापासून साठवायला लागा.