रोबो, अर्भक आणि पोऱ्या

विज्ञानकथेचा अनुवाद करताना ‘रोबो’ लिहावे की ‘यंत्रमानव’, आणि या दोहोंत काही अर्थभेद आहे का, असे एका अनुवादकाने विचारले आहे. ‘स्वयंचलित यंत्र’ हा अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मला आधी बोलायचे आहे ते ‘अगदी रोबोसारखा वागतो’ या वाक्प्रयोगाविषयी. मायेचा ओलावा नसलेल्या माणसाला सरसकट रोबो म्हणण्याची सवय आता चांगल्या लिहिणाऱ्यांनाही जडली आहे, आणि हा शब्द ज्या कथेतून आला तिचा शेवट त्यांनी वाचलेला नसावा, असेच दर वेळी वाटते.

ती कथा म्हणजे चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक. ते १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत रंगभूमीवर आले. शब्द मात्र कारेल यांचा नव्हे. त्यांनीच १९३३ साली लिहून ठेवले आहे की, नाटकातल्या कृत्रिम कामगारांसाठी लॅटिनवरून बेतलेला ‘लाबोरी’ हा शब्द त्यांना पुस्तकी वाटत होता, म्हणून ते थोरले बंधू योसेफ यांच्याकडे गेले. योसेफ चित्र रंगवत होते. तोंडातला कुंचलाही न काढता ‘मग रोबॉट म्हण’ एवढेच ते पुटपुटले आणि पुन्हा कामाला लागले.

चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार, अर्थात कुळाने जमीनदाराच्या शेतात ठरावीक दिवस सक्तीने राबणे. चेक प्रदेश ज्याच्या सत्तेखाली होता त्या हाब्सबुर्ग साम्राज्यात ही पद्धत १८४८ साली रद्द झाली. ‘रोबोता म्हणजे काम’ असे जे ठोकून देतात, ते पोलिश किंवा युक्रेनियन भाषेतला अर्थ चेक शब्दाला चिकटवतात आणि त्यातला वेठीचा सगळा जाच पुसून टाकतात. शिवाय हे रोबॉट धातूचे नाहीतच. त्यांच्या कारखान्यात यकृत आणि मेंदू यांच्यासाठी कुंडे आहेत, आणि मज्जातंतू सूतगिरणीत सूत कातावे तसे कातले जातात. आरंभी त्यांना भावना नसतात हे खरे. परंतु दुखत नसल्यामुळे ते स्वतःला इजा करून घेतात आणि मालकांचे नुकसान होते, म्हणून त्यांना वेदना देण्याचा उद्योग माणसेच सुरू करतात. पुढे बंड होते, आणि शेवटी प्रिमस व हेलेना हे दोन रोबॉट एकमेकांसाठी मरायला सिद्ध होतात. ‘रोबोसारखा वागतो’ म्हणणाऱ्यांनी निदान हा प्रसंग तरी वाचावा.

आता ज्या व्युत्पत्तीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो. ‘रोबोता’च्या मुळाशी ‘रोब’ म्हणजे दास हा जुना शब्द आहे, आणि त्याच मुळाचे चेक ‘रोब्ये’ म्हणजे तान्हे मूल. रशियन भाषेतला ‘रेब्योनोक’, म्हणजे मूल, हाही त्याच कुळातला. ग्रीक ‘ऑर्फानोस’ म्हणजे अनाथ, आणि आपला संस्कृत ‘अर्भ’, ‘अर्भक’ यांनाही तौलनिक भाषाशास्त्र याच मूळ शब्दाकडे नेते. ‘नमो महद्भ्यो नमो अर्भकेभ्यः’ असे ऋग्वेदात ज्या लहानग्यांना वंदन केले आहे, ते रोबोचे सख्खे भाऊबंद आहेत! हे निव्वळ ध्वनिसाम्य आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ‘भ्राता’ आणि चेक ‘ब्रात्र’ शेजारी ठेवून भ आणि ब यांचा मेळ पाहावा, ‘अवि’ आणि ‘ओव्त्से’ या मेंढ्या शेजारी ठेवून अ आणि ओ यांचा पाहावा. राहिली ‘ओर्ब’ या मूळ रूपाची ‘रोब’ अशी अदलाबदल, तर ती चेक, रशियन अशा स्लाव्ह भाषांत नियमाने होते.

मूल, अनाथ आणि दास हे अर्थ एका मुळातून कसे फुटले, याचा उलगडा करायला मराठी माणसाला परके कोश उघडावे लागू नयेत. आपल्याकडे ‘पोर’ आहे, त्याच्यापाशी ‘पोरका’ आहे, आणि दुसऱ्याच्या हाताखाली पडेल ते काम करणारा ‘पोऱ्या’ही आहे. आईबाप नसलेले पोर परक्या दारी राबायला लागते, हा अनुभव दोन्हीकडे शब्दांनी सारखाच टिपला आहे. निर्माण तर केले, पण पोटचे मानले नाही, असे यंत्र विज्ञानकथेत पुन्हा पुन्हा भेटते, ते याच पोऱ्याच्या रूपाने, असे माझे ठाम मत आहे.

‘यंत्रमानव’ही मला याच वाटेवर दिसतो. ‘मानव’ म्हणजे मनूचे अपत्य, तेव्हा इथेही मूल आलेच. ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे या धातूचा. ‘नियंत्रण’ त्याचेच भावंड. म्हणून ‘यंत्रमानव’ याचा ‘जखडून ठेवलेले मनूचे लेकरू’ असा अर्थ मी लावतो. ‘यंत्राचा बनलेला माणूस’ हा विग्रह व्याकरणाला पुरेसा आहे, हे मान्य. मात्र कथेला तो पुरत नाही. ‘मानवयंत्र हाच शास्त्रशुद्ध शब्द’ असा आग्रह धरणारेही आहेत. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, हे ते विसरतात, आणि त्या एका अदलाबदलीने लेकराची वस्तू करून टाकतात.

‘रोबो’तला अखेरचा ‘ट’ आपण का गिळला, याचे उत्तर माझ्या मते ‘डेपो’त आहे. तिथे फ्रेंच उच्चारात ‘ट’ नसतो; त्याच धर्तीवर चेक शब्दाचाही ‘ट’ आपण विनाकारण कापला. रूढ झालेला ‘रोबो’ आता खोडण्यात अर्थ नाही.

अनुवादकाने कारखान्यातल्या नुसत्या यांत्रिक हाताला ‘रोबो’ म्हणावे, आणि कथेत बोलणाऱ्या, दुखावल्या जाणाऱ्या पात्राला ‘यंत्रमानव’. त्याचे लिंग ‘मानव’ ठरवतो, ‘यंत्र’ नव्हे. त्यामुळे ‘यंत्रमानव खोलीत आले आणि ते थांबले’ असे एकट्या पात्राविषयी नपुंसकलिंगी वाक्य माझ्यासमोर आले, तर मी तिथे ‘आला’ आणि ‘तो थांबला’ अशी दुरुस्ती करतो.