रिपोर्टमध्ये ‘उणे २७’ आलंय, काय टाकू?

पान तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवून एका दादांनी विचारलंय, कार्बन-१३ च्या पुढे उणे २७ लिहिलंय म्हणजे कार्बन कमी पडलाय का, काय टाकू? एका ताईंचा प्रश्न असा की पीक म्हणे हलका नायट्रोजन उचलतं आणि जड मागे ठेवतं, मग तो जड माल जमिनीत साचून त्रास देतो का. आणि तिसरा प्रश्न तणनाशकाचा, झाडाने औषध मोडलं की नुसतं पोटात साठवलं हे कसं कळणार. तिन्हीचं मूळ एकच आहे, एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड अणू, ज्यांना समस्थानिक (आयसोटोप) म्हणतात, म्हणून एकत्रच लिहितोय, जरा लांबेल.

दादा, काहीही टाकू नका. निसर्गात साधारण ९८.९ टक्के कार्बन हलका म्हणजे कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्के जड, कार्बन-१३. दोन्ही स्थिर आहेत, किरणोत्सर्ग वगैरे काही नाही, तो कार्बन-१४ वेगळा. रिपोर्टमधला उणे आकडा म्हणजे एका ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा तुमच्या पानात जड कार्बन हजारी २७ ने कमी, एवढंच. गहू, सोयाबीन, कापूस यांचा आकडा उणे २७ च्या आसपासच येतो, आणि मका, ज्वारी, ऊस यांचा उणे १३ च्या जवळ, कारण त्यांची कार्बन पकडायची पद्धतच वेगळी आहे. त्यामुळे गव्हाचा रिपोर्ट मक्याच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघत बसू नका.

आता हा फरक पडतो कसा? हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा उणे साडेआठच्या जवळपास आहे. पानात शिरताना पर्णरंध्रांतून हलका वायू थोडा लवकर सरकतो, पण खरी निवड आत रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं, त्याला हलका कार्बन जास्त जमतो. पाटी भरलेली असली की आपण भाजी निवडून घेतो आणि तळाशी चारच उरली की असतील तशी उचलतो ना, तसंच हे. पाणी भरपूर, रंध्रं उघडी, तर निवड जोरात आणि आकडा जास्त उणे. पाण्याचा ताण पडला, रंध्रं मिटली, की आत जे आहे तेच वापरावं लागतं आणि आकडा उणे २७ वरून २५ कडे वगैरे सरकतो. हेच लक्षण धरून ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने कमी पाण्यात भागवणारे गहू निवडले, त्यातला ड्रायस्डेल हा वाण २००२ साली आला. मला तरी या विषयातली शेतीला सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच वाटते.

ताई, तुमच्या नायट्रोजनलाही पाटीचा हाच नियम. नायट्रेट मुळातून आत येताना फारसा फरक होत नाही, पुढे नायट्रेट रिडक्टेज नावाचं एन्झाइम ते मोडतं तेव्हा हलकं आधी वापरलं जातं आणि उरलेलं जडसर नायट्रेट काही प्रमाणात मुळातून परत बाहेर जातं. पण जमिनीत नायट्रोजनच कमी असेल तर पीक सगळंच संपवतं, मग कसली निवड! आणि साचण्याची भीती सोडा, जड नायट्रोजन मुळात ०.३६६ टक्के असतो, हजारी १० चा फरक पडला तरी ०.३७० होईल, पिकाला पत्ताही लागणार नाही. उलट शेणखताचा जड नायट्रोजनचा आकडा (हा हवेतल्या नायट्रोजनशी तुलना करून काढतात, म्हणून हवेचा शून्य) जास्त दिसतो कारण त्यातून अमोनिया उडताना हलका आधी जातो, उफणताना भूस उडतं तसा.

लोहाची तर गंमतच आहे, भुईमूग-सोयाबीनसारखी पिकं मुळाशी लोहाचं रूप बदलून मग आत घेतात त्यामुळे हलकं लोह जास्त येतं, आणि ज्वारी-मका मुळातून चिकट पदार्थ सोडून लोह आहे तसं पकडून ओढतात म्हणून तिथे हा फरक फार कमी.

तणनाशकाचं असं, की औषध नुसतं शोषलं, साठवलं किंवा झाड वाढल्यामुळे पातळ झालं तर हलक्या-जडाचं प्रमाण जवळपास तेच राहतं. झाडाच्या एन्झाइमने बंध तोडला तर हलक्या अणूंचा बंध आधी तुटतो आणि शिल्लक औषध जड होत जातं. म्हणजे औषध कमी झालं आणि उरलेलं जडही झालं, तर ते मोडलंय असं धरायला आधार आहे. अट एकच, ज्या मूलद्रव्याचा बंध तुटतो तेच तपासलं पाहिजे, नाहीतर काहीच दिसत नाही. काही औषध उडून गेलं असेल तरी आकडा थोडा हलतो, तेही धरा.

नमुने पाठवणार असाल तर एकाच वाणाची, एकाच वयाची, वरची पूर्ण उघडलेली पानं घ्या, सावलीत वाळवा, कागदी पिशवीत भरा. हरभऱ्याने हवेतला नायट्रोजन किती बांधला हे बघायचं असेल तर तुलनेसाठी शेजारचं एखादं बिगर-कडधान्य झाडही सोबत पाठवा, आणि त्या पट्ट्यात युरिया टाकू नका कारण युरियाचाही आकडा हवेसारखा शून्याजवळच असतो, मग कोणाचं काय ते ओळखूच येत नाही. तणनाशकाचा नमुना मात्र वाळवायचा नाही, काचेच्या बाटलीत गार ठेवूनच पाठवायचा.